प्रमोशन, अकरा महिन्यांची मुलगी आणि अंबडची नोकरी: तास मागू नका, निर्णय वाटून द्या

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत सप्लाय चेनच्या सिनियर मॅनेजर, हेड ऑफिस मुंबईला. मुलगी अकरा महिन्यांची, लीव्ह संपवून जॉइन झालात त्याला काही महिने झाले. मिस्टर नाशिकजवळच्या गोंदे इथल्या प्लांटला प्रॉडक्शनमध्ये, सकाळी लवकर कंपनीच्या बसने जातात. सासूबाई येवल्याहून येऊन राहिल्यात. एप्रिलमध्ये डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर) व्हायचं घाटतंय आणि त्याच वेळी बॉस म्हणतात, "थोडं हलकं घे, हेड ऑफिसच्या सोर्सिंग टीममध्ये एक रोल आहे, घरूनही करता येईल." आणि तुम्ही विचारताय की ऐंशी टक्के पगारावर आठवड्याला चारच दिवस मागू का, की तो हलका रोल घेऊ, की प्रमोशनलाच सध्या नको म्हणू.

माझं उत्तर तिन्हीला नाही असं आहे. एचआरमध्ये सातपूर-अंबडच्या कंपन्यांत वीसेक वर्षं काढली, आता सल्लागार म्हणून काम करते, अशी बोलणी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार दिवसांचं आधी बघू कारण ते कागदावर सगळ्यात छान दिसतं. पगार वीस टक्के कमी होतो, तो पहिल्याच महिन्यात होतो आणि अगदी नक्की होतो. काम वीस टक्के कमी होतं का? कोणाचं होतं सांगा. व्हेंडर तेवढेच, कस्टमरचं शेड्यूल तेवढंच, इन्व्हेंटरीचं टार्गेट तेवढंच, अप्रेझलचा फॉर्मही तोच. आपल्याकडे या लेव्हलला पार्ट टाइमची घडी बसलेलीच नाही, त्यामुळे शुक्रवारी तुम्ही घरी असता आणि फोन चालूच असतो, फक्त तो फुकट असतो. शिवाय बेसिक कमी झालं की पीएफ कमी, पुढचं इन्क्रिमेंट त्या कमी आकड्यावर, आणि मधेच नोकरी सोडायची वेळ आली तर ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते हे कुणाच्या लक्षातच नसतं. तरीही चार दिवस घ्यायचेच असतील तर आधी कोणता केआरए (ठरवून दिलेली जबाबदारी) कमी होतोय, कोणते व्हेंडर दुसऱ्याकडे जातायत, हे लिहून घ्या आणि मग पगाराचं बोला. उलट्या क्रमाने कधीच नाही.

हलक्या रोलबद्दल. बॉस चांगल्या मनाने म्हणत असतील, मी शंका घेत नाही. पण नीट बघा, त्या रोलमध्ये टीम किती आहे, बजेट कुणाच्या सहीने जातं, प्लांटचा कुठला आकडा तुमच्या नावावर राहतो? बहुतेक वेळा उत्तर असतं, टीम नाही, बजेट नाही, प्रेझेंटेशन आहेत. लाइनवरची, म्हणजे प्रत्यक्ष प्लांटच्या कामातली, खुर्ची सोडायला एक मेल पुरतो, परत मिळवायला मात्र ती रिकामी व्हायची वाट बघावी लागते आणि तोवर तिथे बसलेला माणूस कायमचा झालेला असतो. घ्यायचाच असेल तर ग्रेड तोच राहणार का, रिपोर्टिंग कुणाला, आणि वर्षाने परत लाइनला यायचं असेल तर कुठल्या पोस्टवर, ही तीन उत्तरं लेखी. तोंडी नको. बॉस बदलतात, मुंबईतले तर फारच पटापट बदलतात.

आता मुख्य मुद्दा. सिनियर माणसाची अडचण तासांची कमी आणि अडकून पडण्याची जास्त असते. तुम्ही साडेआठला आलात की नऊला, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुम्ही नसताना काय काय थांबतं याने. म्हणून फ्लेक्सिबिलिटी मागताना "मला वेळ द्या" असं म्हणण्यापेक्षा "माझ्यावाचून अडणाऱ्या गोष्टी मी कमी करते, आणि त्या कशा ते हे बघा" असं म्हटलं की बोलणं वेगळ्याच वळणावर जातं.

हे माझ्या मनचं नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा आणि नोकरीचा दोनशे वर्षांचा हिशोब मांडला म्हणून. त्यांचं म्हणणं साधारण असं की काही नोकऱ्या जास्त पगार देतात तो हुशारीचा नाही तर कधीही हजर राहण्याचा, आणि घरात मूल आलं की दोघांतला एक जण तशी नोकरी धरतो आणि दुसरा घराला सोयीची. दुसरा म्हणजे कोण ते सांगायला नको. पण मला त्यांच्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो तो अमेरिकेतल्या फार्मासिस्टचा. त्या व्यवसायात कमी तास काम करणाऱ्याला तासामागे फारसा तोटा होत नाही, कारण पेशंटची सगळी नोंद सिस्टिममध्ये असते, औषधं ठरलेली असतात, एक फार्मासिस्ट घरी गेली तर दुसरी त्याच जागी उभी राहून तेच काम करते, गिऱ्हाइकाला कळतही नाही. तिथे हुशारी कमी लागते असं नाही हो, फक्त काम एका माणसाच्या डोक्यात अडकलेलं नाही.

आणि आपण सगळे काय करतो? बरोबर उलट. "माझ्याशिवाय पान हलत नाही" यात आपल्याला मोठेपणा वाटतो, विशेषतः बायकांना, कारण ती खुर्ची मिळवायला दुप्पट राबलेलो असतो. त्या व्हेंडरचा मालक फक्त माझंच ऐकतो, ती एक्सेल फक्त मलाच कळते. मूल झाल्यावर हाच मोठेपणा रात्री नऊला मुलीला झोपवताना फोन होऊन वाजतो.

एक उदाहरण जवळून बघू. रात्रीचे पावणेनऊ. चाकणच्या व्हेंडरची गाडी नारायणगावच्या पुढे बंद पडली. उद्या सकाळी पहिल्या शिफ्टला कास्टिंग लागणार, स्टोअरला जेमतेम दोन तासांचे नग शिल्लक. स्टोअरवाला फोन करतो असिस्टंट मॅनेजरला, तो म्हणतो मॅडमना विचारतो, कारण इथून वेगळा टेम्पो पाठवायचा तर अठरा-वीस हजाराचं भाडं आणि अशा तातडीच्या जादा भाड्याला, म्हणजे प्रीमियम फ्रेटला, मॅडमचीच मंजुरी लागते. तुम्ही मुलीला मांडीवर घेऊन "हो पाठव" म्हणता. हा निर्णय घ्यायला तुम्हाला किती वेळ लागला? दहा सेकंद. पण त्या दहा सेकंदांसाठी तुम्ही रोज रात्री बांधलेल्या. आता हेच दुसरीकडून करा: पन्नास हजारांपर्यंतचं प्रीमियम फ्रेट, लाइन थांबणार असेल तर, असिस्टंट मॅनेजर स्वतः मंजूर करेल, सकाळच्या मीटिंगला कारण सांगेल, आणि महिन्याला तीनपेक्षा जास्त वेळा झालं तर मात्र मॅडमकडे. एवढी एक ओळ कंपनीच्या डेलिगेशनच्या, म्हणजे अधिकार वाटपाच्या, कागदात घालून घेतली की फोन बंद. आणि खरं सांगू का, तो पोरगाही महिन्याभरात जबाबदारीने वागायला लागतो, आधी तो फक्त निरोप्या होता.

असे निर्णय शोधायला सोपा मार्ग आहे, दोन आठवडे फोन आणि व्हॉट्सॲप बघा आणि कामाच्या वेळेबाहेर कोण काय विचारायला आलं ते वहीत टिपा. फोनवर नको, वहीतच, कारण फोन उघडला की अजून दोन कामं निघतात. शेवटी दिसेल की प्रश्न पन्नास नसतात, सहा-सात प्रकारचेच असतात. पीओ (खरेदीची ऑर्डर) रिलीज, तातडीचं भाडं, रिजेक्शनचं मटेरियल परत पाठवायचं की डेव्हिएशनवर (खास परवानगीने) वापरायचं, व्हेंडरचं पेमेंट अडकलंय, कस्टमरने शेड्यूल वाढवलं. प्रत्येकासमोर लिहा की हा खालच्या माणसाला देता येतो का, किती रकमेपर्यंत, आणि तुमच्याकडे कधी यायचा. सॅप सॉफ्टवेअरमध्ये पीओची रिलीज लिमिट बदलायला आयटीचं एक तिकीट लागतं फक्त, पण ती बदलत नाही वर्षानुवर्षं, कारण मागणारंच कोणी नसतं.

मग उरलेलं काम तीन ढिगात टाका. पहिला, जिथे प्लांटला असलंच पाहिजे: सकाळची प्रॉडक्शन मीटिंग, स्टॉक मोजणी, कस्टमर ऑडिट, व्हेंडर व्हिजिट, नवीन पार्टचा ट्रायल. दुसरा, लोक लागतात पण जागा लागत नाही: हेड ऑफिसचा रिव्ह्यू, कस्टमरचा शेड्यूल कॉल. तिसरा, फक्त तुम्ही आणि लॅपटॉप: कॉस्टिंग, काँट्रॅक्ट वाचणं, पुढच्या तिमाहीचं प्लॅनिंग, अप्रेझल. तुमच्यासारख्या रोलमध्ये तिसरा ढीग आठवड्यातल्या एका दिवसापेक्षा जास्त भरतो आणि गंमत म्हणजे ऑफिसला तो कधीच धड होत नाही, दर दहा मिनिटांनी कोणीतरी दारात. म्हणजे एक दिवस, जास्तीत जास्त दोन, घरून मागायला तुमच्याकडे खरंखुरं कारण आहे आणि ते कारण बाळ नाही, काम आहे.

किती दिवस घरून, यावर थोडं थांबते कारण इथे लोक हावरेपणा करतात. चीनमधल्या एकाच ट्रॅव्हल कंपनीत दोन मोठे प्रयोग झालेत, दोन्हीत स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम होते. पहिला २०१५ मध्ये छापून आला, कॉल सेंटरची माणसं पाचपैकी चार दिवस घरी. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणं निम्म्यावर आलं, पण एक मेख होती: त्या कामगिरीच्या मानाने प्रमोशन मात्र कमी मिळालं. घरून छान काम करणारा माणूस साहेबाच्या नजरेआड होता. दुसरा २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला, १,६०० हून जास्त लोक, यात फक्त दोन दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिस. नोकरी सोडणं एक तृतीयांशाने घटलं आणि पुढच्या दोन वर्षांत रेटिंग किंवा प्रमोशनवर काहीच परिणाम दिसला नाही. सोडून जाणं कमी झालं ते मुख्यतः बायकांत, लांबून येणाऱ्यांत आणि मॅनेजर नसलेल्यांत. मॅनेजर लोकांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे तुमच्या बॉसला आतून हे पटायला वेळ लागणार हे धरून चाला, त्याच्या अनुभवात हे नाही. पण त्या प्रयोगात मॅनेजरना सुरुवातीला वाटत होतं की काम घटेल, आणि संपेपर्यंत त्यांचं मत बदललं होतं. ट्रायल मागा म्हणते ते याचसाठी. पटवून कोणी बदलत नाही, बघून बदलतं.

आता नाशिकपुरतं. मुंबईच्या बॉसपुढे प्रवासाच्या वेळेचं कारण अजिबात काढू नका. तो माणूस ठाण्याहून अंधेरीला जातो, तुम्ही नाशिकमधूनच अंबडला जाता, तो हसेल. द्वारकेचं ट्रॅफिक, कुंभमेळ्यासाठी २०२७ च्या आधी चाललेली खोदाई, हे आपल्याला मोठं आहे, त्याला नाही. उलट नाशिकचा फायदा वेगळाच आहे आणि तो फार कमी जणी घेतात: दुपारी घरी जाऊन येता येतं. घर इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको असं कुठे असेल तर जेवणाच्या सुट्टीला थोडी जोड देऊन मुलीला भेटून, पाजून परत येणं जमतं. मुंबईतल्या आईला हे स्वप्नातही शक्य नाही. आणि याला कायद्याचा आधारही आहे.

कायदा थोडक्यात, कारण यावर खूप अर्धवट ऐकायला मिळतं. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्याची २०१७ ची दुरुस्ती यातल्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये घेतल्यात आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झालीय. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा हे सगळ्यांना पाठ आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठीचा ब्रेक हा हक्क आहे, तो नेहमीच्या सुट्टीशिवाय, आणि तुमची मुलगी अकराचीच आहे. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा. आणि रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, दोघांच्या संमतीने घरून काम. हा शेवटचा हक्क नाही, संमतीचा विषय आहे, म्हणून तिथे कलम दाखवून भांडायला जाऊ नका. आणि "मॅनेजर झाल्यावर हा कायदा लागत नाही" असं कोणी एचआरवाला सांगत असेल तर त्याला म्हणा कायद्यात पगाराची मर्यादाच नाहीये. ती मर्यादा ईएसआयला (कामगार विमा योजनेला) आहे.

एक आगाऊपणा करते. तुम्ही सिनियर आहात, तर स्वतःचं बोलताना पाळणाघराचंही बोला. तुमच्याच लाइनवर ज्या मुली असेंब्लीला आहेत त्यांना घरून काम हा प्रकारच नाही, त्यांना पाळणाघर हीच काय ती फ्लेक्सिबिलिटी. एकट्या कंपनीला जड जात असेल तर शेजारच्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक काढायला कायद्याची ना नाही. तुम्ही मागितलंत तर ऐकलं जातं. त्यांनी मागितलं तर युनियनचा विषय होतो.

मुंबईच्या फेऱ्या. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून रात्री परत म्हणजे अख्खा दिवस गेला, मुलगी उठायच्या आत बाहेर आणि झोपल्यावर घरात. समृद्धी जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून तर मुंबईचे लोक म्हणतात "आता काय, पटकन या". इगतपुरीपासून पुढे रस्ता खरंच छान झालाय, पण आमणे म्हणजे भिवंडी, तिथून मुंबईतल्या बीकेसीला जाणं ही निराळी तपश्चर्या. तेव्हा मंथली रिव्ह्यू व्हिडिओ कॉलवर आणि तिमाहीचा समक्ष असं मागा, आणि समक्ष जाल तेव्हा पूर्ण दिवस जा, लोकांना भेटा, जेवायला बसा. वर्षात चारदा नीट भेटलेला माणूस लक्षात राहतो.

आता बोलणं कसं करायचं. वेळ महत्त्वाची, मंथ एंडला नाही, ऑडिटच्या आठवड्यात नाही, आणि प्रमोशनची यादी लागल्यावर तर नाहीच. केआरए ठरतात त्याच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा पहिला भाग. सुरुवात "सर, घरी जरा प्रॉब्लेम आहे" अशी केलीत की समोरचा माणूस सहानुभूतीच्या मोडमध्ये जातो आणि सहानुभूतीतूनच तो हलका रोल निघतो. त्यापेक्षा असं काहीतरी:

"सर, डीजीएमची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. ती कशी चालवीन ते एका पानावर लिहिलंय. दोन मिनिटं बघता का?"

पान खरंच एकच हवं. वर दोन ओळी: सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार प्लांटला, बुधवार घरून, रोज साडेचारला निघणार, सहा ते साडेआठ फोनवर नाही. मधे पाच-सहा ओळी: कुठला निर्णय कुणाकडे, किती रकमेपर्यंत. मग एक ओळ: लाइन थांबली किंवा सेफ्टीचा विषय असेल तर कुठल्याही वेळी मला फोन. ही ओळ फार कामाची आहे, कारण बॉसची खरी भीती तीच असते. खाली आकडे: लाइन स्टॉपेज, प्रीमियम फ्रेटचा खर्च, इन्व्हेंटरीचे दिवस. आत्ताचे किती आणि तीन महिन्यांनी याच आकड्यांवर ठरवू.

बॉस विचारतीलच, "तुला दिलं तर उद्या सगळे मागतील."

"मागू देत ना सर. त्यांनीही असं पान आणावं. ज्याचं काम असं बसत नाही त्याला नाही म्हणायला तुम्हाला हेच पान उपयोगी पडेल."

"आणि बुधवारी एमडी आले तर?"

"तर मी येईन. दोन दिवस आधी कळलं तर उत्तम, नाही कळलं तरी येईन. वीस मिनिटांवर आहे मी."

बघा, यात बाळाचा उल्लेखच नाही. लपवायचा म्हणून नाही हो, सगळ्यांना माहितीच आहे. पण ज्या गोष्टीवर त्यांना निर्णय घ्यायचाय ती गोष्ट समोर ठेवायची. मीटिंग झाल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल, "आज ठरल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून. एचआरला सीसी.

दिवस ठरलेला ठेवा. "गरज पडेल तसं घरून" हे ऐकायला जास्त मोकळं वाटतं, पण त्यात प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागते आणि टीमला कळत नाही मॅडम आहेत की नाहीत. आणि साडेचारला निघून रात्री दहाला लॅपटॉप उघडणार असाल, बऱ्याच जणी उघडतात, उघडा, पण मेल सकाळी आठला जाईल असा शेड्यूल करून ठेवा. साहेबाचा रात्री साडेदहाचा मेल म्हणजे खालच्याला हुकूमच वाटतो, त्यात तुम्ही "सावकाश बघ" लिहिलेलं असलं तरी. बुधवारी घरून असताना मुलीला मात्र कोणीतरी सांभाळणारं हवंच. घरून काम म्हणजे मूल सांभाळणं नाही, हे घरच्यांना एकदा स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर "आज घरीच आहेस ना" पासून सुरुवात होते आणि गॅस सिलेंडरवाल्यापर्यंत सगळं तुमच्याकडे.

ज्याच्याकडे निर्णय देताय त्या असिस्टंट मॅनेजरचं काय? हे विसरलात तर सहा महिन्यांत सगळं कोसळेल. त्याला फक्त ओझं मिळालं आणि मॅडम बुधवारी घरी, तर कँटीनला काय बोललं जाईल ते तुम्हाला माहितीये. त्याचा अधिकार लेखी, त्याच्या केआरएमध्ये, त्याच्या अप्रेझलमध्ये आणि शक्य असेल तर पगारात. रिव्ह्यूला त्याला बोलू द्या. आणि त्याच्या घरचंही काही असेलच, त्यालाही एखादा दिवस लवकर जाऊ द्या, न मागता.

घरचं. सासूबाई आहेत हे भाग्य आहे, पण त्या व्यवस्था नाहीत. त्यांना गुडघे आहेत, येवल्याला घर आहे, तिकडे लग्नंकार्यं आहेत. त्यांच्यावर शंभर टक्के टाकलं तर एक दिवस त्या आजारी पडतात आणि तुमचा ऑफिसमधला सगळा प्लॅन एका तापाने मोडतो. त्यापेक्षा अर्धा दिवस चांगलं पाळणाघर किंवा सांभाळायला मावशी, आणि त्यांना आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी. खर्च होतो, हो. तो तुमच्या एकटीच्या पगारातून वजा करून "मग नोकरी कशाला" असा हिशोब घरात कोणी मांडत असेल तर मांडू देऊ नका, मूल दोघांचं आहे, खर्च दोघांच्या पगारातून.

आणि मिस्टर. खासगी कंपनीत बापाला रजा मिळावी असा कायदाच नाही आपल्याकडे, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस आहेत, बाकी ज्याच्या त्याच्या कंपनीच्या मर्जीवर. म्हणून त्यांनी काही मागायचंच नाही असं नाही. मला विचाराल तर पाळणाघराचा फोन कुणाला जातो यावर सगळं कळतं. फॉर्मवर पहिला नंबर त्यांचा टाका. सोमवार-मंगळवार-गुरुवारी मुलीला ताप आला तर ते निघणार, बाकी दिवस तुम्ही, आणि हे त्यांच्या एचओडीला आधीच माहिती हवं. गोंद्याहून यायला वेळ लागतो, लागू दे, अर्ध्या-पाऊण तासाने काही बिघडत नाही, तोवर पाळणाघरवाल्या बाई बघतात. कंपनीची बस दुपारी मिळणार नाही, तर त्या तीन दिवशी गाडी त्यांनी न्यावी. असल्या बारीक गोष्टी ठरवल्या नाहीत की सगळं आपोआप आईकडे येतं, कोणी मुद्दाम ढकलत नाही, तरी येतं.

प्रमोशन घ्या. डीजीएम झालात की तुमचं कॅलेंडर आजच्यापेक्षा जास्त तुमच्या हातात येतं, मीटिंग कधी ठेवायची हे तुम्ही ठरवता, हाताखाली एक माणूस जास्त मागता येतो. सगळ्यात कात्रीत सापडतात त्या मधल्या लेव्हलच्या, ज्यांना वरूनही बोलावतात आणि खालूनही. अपवाद आहेत. नवीन प्लांट उभा राहतोय, नवीन मॉडेलचा लाँच चालू आहे, असा रोल असेल तर तिथे वर्षभर वरचं काहीही टिकणार नाही, मग सरळ म्हणा की लाँच झाल्यावर येते.

आणि नाहीच म्हणाले तर? एकदा नाही म्हणजे कायमचं नाही, विचारा की काय बदललं तर हो म्हणाल आणि पुन्हा कधी बोलू, तारीख घ्या. दुसऱ्यांदाही टोलवलं तर बाहेर बघायला लागा. नाशिकमध्ये तुमच्या लेव्हलच्या सप्लाय चेनच्या जागा मोजक्याच आहेत, सगळ्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे एवढ्यातच आणि सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे जरा जपून. पुण्या-मुंबईच्या कंपन्या राहणं नाशिकला आणि आठवड्यात एक-दोन दिवस तिकडे अशा बोलीवर घेतात, पण इंटरव्ह्यूला "फ्लेक्सिबल आहोत" म्हणणं वेगळं. ऑफर लेटरमध्ये बेस लोकेशन नाशिक असं लिहून घ्या आणि तिकडे जायचे दिवस किती, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च कुणाचा, हेही त्याच लेटरमध्ये. जॉइन झाल्यावर एचआर पॉलिसी दाखवतं आणि पॉलिसीत ते नसतं.